नागपुरात माउथपीस घडवायचे तर माल कोणता घ्यावा, कुठून आणि कसा पारखून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील बँडवाल्यांच्या क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनची दुरुस्ती तुम्ही करता, आता लहान लेथ घेतली आहे आणि माउथपीस, म्हणजे रीडची पातळ पट्टी बसवून तोंडात धरायचा भाग, स्वतः घडवण्याचा विचार आहे. इबोनाईटचा, म्हणजे कठीण रबराचा, जाड रॉड मात्र इथे कोणी ठेवत नाही. दुकानदार त्याऐवजी डेलरिन (एक कठीण प्लास्टिक), अ‍ॅक्रिलिक, हायलम (राळेत दाबलेले कागद-कापडाचे थर) किंवा पितळ पुढे करतात, आणि लाकूड तर आपल्या विदर्भात हाताशीच आहे. यांपैकी कशावर भरवसा ठेवावा आणि इबोनाईटच हवे असेल तर ते कसे मिळवावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माल निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न आवाजाचा विचारतात. माझ्या मते तो शेवटी विचारावा. माउथपीसचा आवाज प्रामुख्याने आतल्या पोकळीच्या (चेंबरच्या) आकारावर, बॅफलच्या, म्हणजे रीडसमोरच्या आतल्या छताच्या, उंचीवर, फेसिंगच्या, म्हणजे रीडपासून दूर जाणाऱ्या कडेच्या, वळणावर आणि टिप, म्हणजे टोक, रीडपासून किती उघडी आहे यावर ठरतो. पितळी माउथपीसचा आवाज चढा येतो असे वादक सांगतात ते खोटे नाही, पण त्याचे मुख्य कारण धातू नसून धातूच्या माउथपीसला सहसा दिला जाणारा उंच बॅफल आणि अरुंद चेंबर हे आहे. तोच आतला आकार इबोनाईटमध्ये हुबेहूब कोरला, तर ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक ओळखणे फार अवघड जाईल. वाजवणाऱ्याला दाताखालचा आणि ओठांखालचा स्पर्श वेगळा लागतो, त्याचे समाधान वेगळे असते, आणि त्यालाही किंमत आहेच. तरीही मालाकडून आपल्याला खरे तर तीनच गोष्टी हव्या असतात: नागपूरच्या हवेत त्याने आकार सोडू नये, पातळ कडेला तो स्वच्छ कापला जावा, आणि तोंडात धरायला तो निर्धोक असावा. धंदा म्हणून करणार असाल तर चौथी गोष्ट येते, ती म्हणजे पुढच्या खेपेला तोच माल तसाच मिळाला पाहिजे.

आकार सोडू नये म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिलेले बरे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या माउथपीसची टिप सर्वसाधारणपणे १ ते १.२ मिलिमीटर उघडी असते, आल्टो सॅक्सोफोनची दीड ते दोन मिलिमीटरच्या आसपास. यात ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला तरी सरावाचा वादक लगेच रीड बदलायला धावतो. टिपची कड एक मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि बाजूच्या दोन्ही रेल (रीड टेकते त्या कडा) एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात, नाहीतर एका बाजूने हवा निसटते आणि किंचाळ्या सुरू होतात. जो माल कडेला तुसासारखा फाटतो, कापताना मऊ पडून ओढला जातो किंवा लिगेचरच्या (रीड आवळणाऱ्या पट्ट्याच्या) दाबाखाली हळूहळू बसतो, तो दिसायला कितीही देखणा असला तरी या कामाचा नाही.

त्यात आपले हवामान. जानेवारीच्या पहाटे इथे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि मे महिन्यात ४५ च्या वर जातो, म्हणजे ३५ अंशांचा फरक धरूनच चालावे लागते. क्लॅरिनेटच्या माउथपीसचा टेनन (वाद्यात बसणारा, कॉर्क लावलेला शेवटचा भाग) साधारण २२ मिलिमीटर व्यासाचा असतो. एवढ्या फरकाने इबोनाईटमध्ये तो जेमतेम ०.०५ मिलिमीटरने फुगतो, डेलरिनमध्ये ०.०८ ते ०.०९ पर्यंत, पितळात मात्र ०.०१५ च्या आसपासच. कॉर्क एवढे सहज सामावून घेते, त्यामुळे या फुगण्याची भीती बाळगू नका. खरा धोका उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा आहे. त्या उष्णतेत इबोनाईट मऊ होऊ लागते आणि रीड व लिगेचर आवळलेलेच राहिले असेल, तर टेबल (रीड बसते ती सपाट बाजू) दाबले जाते व टिप वाकते. मे महिन्याच्या लग्नसराईनंतर दुरुस्तीला येणारे अनेक माउथपीस याच रोगाचे असतात, आणि वादक मात्र रीड खराब निघाली म्हणून सांगतो.

आता इबोनाईट. हे मूळचे रबरच आहे. सायकलच्या ट्यूबसारख्या मऊ रबरात गंधक दोन-तीन टक्के असते, इबोनाईटमध्ये ते साधारण तीस टक्क्यांच्या घरात जाते, आणि ते मिश्रण तासन्‌तास उष्णता देऊन शिजवले जाते. अमेरिकेत नेल्सन गुडइयर यांनी १८५१ साली या कठीण रबराचे पेटंट घेतले आणि पुढे माउथपीससाठी लाकडाची जागा त्याने जवळजवळ पूर्णपणे घेतली. कारण उघड आहे. ते पाणी पीत नाही, धारदार हत्याराने लोण्यासारखे कापले जाते, कडेला तुटत नाही आणि सुंदर पॉलिश घेते.

शिजवण्याच्या या क्रियेतच रॉडचा मुख्य दोषही दडलेला असतो. गंधक आणि रबर एकत्र येताना स्वतःच उष्णता निर्माण करतात. रॉड पातळ असेल तर ती उष्णता बाहेर पडते. तीस-पस्तीस मिलिमीटरच्या रॉडमध्ये ती गाभ्यात कोंडते, आणि कारखान्याने घाई केली असेल तर आत बारीक बुडबुडे किंवा भेगा राहतात. बाहेरून रॉड चकचकीत दिसतो. गाभ्याचा बराचसा भाग आपण बोअर (मधले लांब भोक) पाडताना काढूनच टाकतो, पण टिप आणि बॅफल जिथे येतात तिथे बोअर संपलेले असते आणि माल मध्याच्या अगदी जवळचा असतो. तासभर खपून फेसिंग घातल्यानंतर टिपच्या कडेवर सुईच्या टोकाएवढे छिद्र उघडे पडले, की तो तुकडा भंगारात. म्हणून जाड रॉड विकणाऱ्याला पहिला प्रश्न भावाचा न विचारता, रॉडचे दोन्ही टोकांचे ताजे काप दाखवता का, हा विचारावा. कापलेल्या तोंडावरून बोट ओले करून फिरवले आणि तिरप्या उजेडात पाहिले, की बुडबुडे लगेच दिसतात.

माल खरोखर इबोनाईटच आहे का, हे पारखायच्या तीन सोप्या रीती आहेत आणि त्या तिन्ही मिळूनच वापराव्यात. पहिली, घासून वास घेणे: सुती फडक्याने जोरात घासले की गंधकाचा वास यायला हवा. दुसरी, चमक न दिलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर रेघ ओढणे. फरशीच्या मागच्या बाजूवरही काम भागते. इबोनाईटची रेघ तपकिरी उमटते, काजळी भरपूर घातली असेल तर गडद होते, पण पांढरट किंवा करडी उमटत नाही. तिसरी, वजन. ३० मिलिमीटर व्यासाचा आणि १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा सुमारे ७१ घन सेंटिमीटर भरतो. चांगले इबोनाईट असेल तर तो ८२ ते ८८ ग्रॅमच्या दरम्यान यावा. तोच तुकडा ९५ च्या पुढे गेला तर तो बेकेलाईटच्या जातीचा असेल किंवा त्यात खडूसारखी भर घातलेली असेल. १०० ग्रॅमला टेकला तर काळे डेलरिन असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅक्रिलिक मात्र वजनाने इबोनाईटच्या इतके जवळ आहे की या परीक्षेत ते सापडत नाही, तिथे वास आणि रेघच कामी येतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढ्यावर हे होते, म्हणून दुकानात जाताना दोन्ही पिशवीत ठेवावेत.

मिळवायचे कुठून? वाद्यांच्या दुकानातून नाही, हे आधी पक्के समजून घ्या. वाद्यविक्रेते तयार माउथपीस विकतात, रॉड नव्हे. मेरठमध्ये बँडची वाद्ये बनवण्याचा जुना उद्योग आहे आणि तिथून नागपुरात बरीच वाद्ये येतात, पण तिथेही प्रामुख्याने पितळी वाद्यांचे काम चालते. इबोनाईटचे खरे गिऱ्हाईक आपल्या देशात आजही फाउंटन पेन बनवणारे कारागीर आहेत. पेनची बॉडी आणि निबखालचे फीड इबोनाईटचे करण्याची परंपरा भारतात चांगली जिवंत आहे, त्यामुळे भारतीय बनावटीचा इबोनाईट रॉड मिळतो. अडचण जाडीची आहे. पेनला पंधरा-अठरा मिलिमीटर पुरते, आपल्याला क्लॅरिनेट आणि आल्टोसाठी किमान ३० आणि टेनरसाठी ३२ मिलिमीटर घेतलेले बरे. म्हणून पेनवाल्यांकडून रॉड न मागता त्यांच्या पुरवठादाराची माहिती मागावी, आणि त्या पुरवठादाराला काळा, बिनपट्ट्यांचा, ३० ते ३२ मिलिमीटरचा रॉड बनवून देता का हे लेखी विचारावे. किमान किती वजनाची ऑर्डर लागेल हे तो सांगेल. एकट्याला ते जड वाटले तर दुसऱ्या शहरातील दुरुस्ती करणाऱ्यांबरोबर वाटून घेता येते. रंगीत लहरींचे इबोनाईट दिसायला फार मोहक असते, पण माउथपीससाठी मी काळेच सुचवतो. रंगीत मिश्रणात दोन रंगांच्या सीमेवर माल कधीकधी सारखा कापला जात नाही, आणि ती सीमा नेमकी टिपवर आली तर रेलची कड ओबडधोबड होते.

दुसरा मार्ग परदेशी मालाचा. जर्मनीतील न्यूयॉर्क-हॅम्बर्गर ही जुनी कंपनी अशा रॉडसाठी जगभर ओळखली जाते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्खार्ट येथील जे. जे. बॅबिट ही कंपनी इतर नाममुद्रांसाठी माउथपीस आणि अर्धवट तयार ब्लँक बनवते. ब्लँक घेतला तर बोअर आणि चेंबरचे निम्मे काम वाचते, पण आतला आकार तुमचा राहत नाही. सुरुवातीला ते चालते. व्यापारासाठी आयात करणार असाल तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो, आणि मालाच्या बिलावर सीमाशुल्क यादीतील कठीण रबराचा ४०१७ हा शीर्षक क्रमांक लिहिलेला असावा. विक्रेत्याने नुसते ‘वाद्याचे भाग’ असे लिहून पाठवले, तर वाद्यांच्या सुट्या भागांचा ९२०९ लागतो, शुल्काचा हिशेब बदलतो आणि पार्सल स्पष्टीकरणासाठी अडकून पडते. पैसे भरण्यापूर्वीच विक्रेत्याला हे कळवावे.

किती घ्यावे याचा हिशेब सोपा आहे. क्लॅरिनेटचा माउथपीस साधारण ९० मिलिमीटरचा होतो. चकमध्ये धरायला आणि कापायला धरून ११० मिलिमीटरचा तुकडा लागतो. अर्ध्या मीटरच्या रॉडमधून चार तुकडे निघतात आणि थोडा शेंडा उरतो. तो शेंडा फेकू नका. जुन्या माउथपीसच्या तुटलेल्या टेननला कडे बसवायला तो उपयोगी पडतो. तुकडे कापल्यावर बोअर अंतिम मापाहून एक मिलिमीटर लहान पाडून ते काही आठवडे तसेच पडू द्यावेत. रॉडमध्ये कोंडलेला ताण त्या काळात सुटतो आणि नंतर घातलेले फेसिंग टिकते. घाईच्या ऑर्डरीसाठी हा टप्पा गाळणारे बरेच जण आहेत, आणि त्यांच्याच गिऱ्हाइकांचे माउथपीस वर्षभरात पुन्हा घासायला येतात.

ठेवणीबद्दल दोन गोष्टी. इबोनाईटला उजेड सोसत नाही. उन्हात ते हिरवट-तपकिरी पडते, वरच्या थरातील गंधक हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करते आणि चव कडवट होते. म्हणून रॉड काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आतल्या खोलीत ठेवावेत, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. दुसरे, चांदीचा मुलामा दिलेली लिगेचर किंवा चाव्या त्याच पेटीत ठेवू नयेत. गंधकाने चांदी काळी पडते. लेथच्या बेडवर साचलेला इबोनाईटचा भुसाही दर संध्याकाळी झाडून तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात तो भुसा लोखंडाला गंज आणतो. तो भुसा फुफ्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावायचा, हे वेगळे सांगायला नको.

इबोनाईटच्या खालोखाल माझा भरवसा डेलरिनवर आहे, आणि ते हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कोणत्याही जॉबवर्कवाल्याच्या ओळखीने मिळते. त्यांच्याकडे कापून उरलेले शंभर-दीडशे मिलिमीटरचे तुकडे पडलेले असतात आणि ते किलोच्या भावाने देतात. मात्र बाजारात ज्याला सरसकट डेलरिन म्हणतात ते दोन प्रकारचे असते. एक होमोपॉलिमर, म्हणजे मूळचे डेलरिन, ज्याच्या रॉडच्या मध्यरेषेवर सच्छिद्र पट्टा राहण्याची खोड आहे. दुसरे कोपॉलिमर, ज्यात तो दोष बराच कमी असतो. आपल्याला कोपॉलिमर मागायचे आहे. पांढरा रॉड आडवा कापून मधोमध खडूसारखा फिकट ठिपका दिसला, तर समजावे की तो आपल्या कामाचा नाही. डेलरिन कापताना लांब लांब तारा निघतात, कडेला बारीक पापुद्रा राहतो, आणि तो फार धारदार पात्याने हळुवार खरवडावा लागतो. सँडपेपरने घासला तर कड लोकरीसारखी होते. त्यावर इबोनाईटसारखी चमक येत नाही आणि गोंद धरत नाही, त्यामुळे टेननवर कॉर्क चिकटवण्याआधी खोल खाचा पाडाव्या लागतात. इतके सोसले तर मग मे महिन्यातल्या गाडीतही ते तग धरते. उन्हात मिरवणुकीत वाजवणाऱ्या बँडसाठी मी इबोनाईटपेक्षा डेलरिनच देईन.

ओळख पटत नसेल तर रॉडचा एक बारीक छिलका चिमट्यात धरून उघड्या जागी पेटवून पाहावा. डेलरिनची ज्योत निळसर, जवळजवळ न दिसणारी असते आणि धूर नाका-डोळ्यांना झोंबतो. नायलॉन जळताना केस जळल्याचा वास येतो. अ‍ॅक्रिलिक तडतडत जळते आणि वास फळासारखा गोडसर असतो. पीव्हीसी ज्योतीबाहेर काढताच विझते. हा धूर नाकाजवळ घ्यायचा नाही, हाताने वारा घेऊन वास पुरेसा कळतो. नायलॉन आणि पीव्हीसी ओळखू आले की तिथेच सोडून द्यावे. नायलॉन पाणी शोषून फुगते, आणि पीव्हीसी तर तोंडात धरायला देऊच नये.

अ‍ॅक्रिलिक बोर्ड आणि फलक बनवणाऱ्यांकडे सहज मिळते. घ्यायचे तर कास्ट (साच्यात ओतलेले) घ्यावे, एक्स्ट्रुडेड (दाबून बाहेर काढलेले) नाही. एक्स्ट्रुडेड रॉड कापताना वितळून पात्याला चिकटतो आणि आत ताण ठेवतो. तयार माउथपीस ८० अंशांच्या आसपास काही तास तापवून अतिशय हळू थंड केला तर तो ताण बराच सुटतो. एक इशारा मात्र वादकाला लिहून द्यावा: अ‍ॅक्रिलिकला सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावायचे नाही. अल्कोहोलने त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या टिपवर पडल्या की माउथपीस संपला.

हायलमबद्दल मी स्पष्ट नाही म्हणतो. कागद किंवा कापडाचे थर राळेत दाबून ते बनते, त्यामुळे पातळ कडेला थर सुटतात आणि ओलाव्याने कड फुगते. विजेच्या पॅनेलसाठी ते उत्तम आहे. दुकानदार ‘इबोनाईटसारखेच’ म्हणून तेच हातात देतो, म्हणून वरची वजनाची परीक्षा विसरू नका.

पितळ इतवारीत मिळते, आणि लेथवर ते कापण्याइतके सुखाचे काम दुसरे नाही. पण ज्याला फ्री-कटिंग पितळ म्हणतात, भारतीय मानक आयएस ३१९ खाली येणारे, त्यात शिसे मुद्दाम घातलेले असते, साधारण दोन ते साडेतीन टक्के. कापण्याचे सुख त्या शिशामुळेच येते. तोंडात तासन्‌तास धरायच्या वस्तूवर हे उघडे ठेवता येत नाही, म्हणून मुलामा सक्तीचा आहे, आणि तो आत चेंबरमध्येही पोहोचला पाहिजे. मुलामा देणाऱ्याला आधीच सांगावे की खाली निकेलचा थर नको, तांब्याचा दे, आणि वर चांदी किंवा सोने. निकेलने अनेकांच्या ओठांना खाज सुटते आणि वरचा थर झिजला की त्रास सुरू होतो. मुलाम्याची जाडीही फेसिंगमध्ये धरावी लागते. रेलवर जास्त थर चढला तर टिपचे माप बदलते, म्हणून मुलाम्यानंतर फेसिंग पुन्हा तपासणे आलेच. शिशाची कटकट नको असेल तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे, टेस्ट सर्टिफिकेटसह. ते लहान लेथला घाम फोडते, हत्यारे खाते आणि रेल हाताने घासायला दुप्पट वेळ घेते. नवशिक्याने धातूकडे निदान पहिले वर्ष वळू नये, असे माझे मत आहे.

आता लाकूड, ज्याबद्दल नागपूरकरांना साहजिकच आशा वाटते. लकडगंजच्या आरागिरण्या शेजारी, बल्लारपूरचा सागवान देशभर नावाजलेला, आणि महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय आपल्याच शहरात. पण सागवान या कामाचे लाकूड नाही. त्याची छिद्रे मोठी आहेत, वाढीच्या वलयांमध्ये घनता बदलते आणि त्यातील सिलिका हत्याराची धार घालवते. शिसवीची छिद्रेही रेलच्या बारीक कडेसाठी मोठीच पडतात. तेंदूच्या जुन्या झाडाचा काळा गाभा घट्ट आणि सुंदर असतो, कारण तो आबनुसाच्याच कुळातला आहे. पण तो लहान तुकड्यांत मिळतो आणि वाळताना तडकतो. अंजनाचे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते, तरी वेडेवाकडे तंतू पातळ कडेला साथ देत नाहीत. क्लॅरिनेटच्या बॉडीसाठी जगभर वापरले जाणारे आफ्रिकन ब्लॅकवुड, म्हणजे ग्रेनाडिला, हेही शिसवीच्याच डालबर्जिया वंशातले. हा जवळजवळ सारा वंश २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातील वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना सवलत मिळाली, कच्च्या लाकडाला मात्र ती लागू नाही. आपल्या राज्यात बऱ्याच जातींचे लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो, हेही लक्षात ठेवावे, विशेषतः गावाकडून कोणी ‘घरचाच बुंधा आहे’ म्हणून आणून देतो तेव्हा.

कायद्यापेक्षा मोठी अडचण हवेची आहे. माउथपीसच्या आत शरीराच्या उष्णतेचा ओला श्वास आणि लाळ, आणि एप्रिल-मे महिन्यातील दुपारी बाहेर वीस टक्क्यांच्याही खाली उतरलेली आर्द्रता. आतली बाजू फुगू पाहते आणि बाहेरची आक्रसते. अशा स्थितीत लाकडाचे टेबल सपाट राहणे कठीण, आणि टेननवर उभी भेग पडण्याची शक्यता कायमची. युरोपातील थंड, दमट हवेत काही वादक लाकडी माउथपीस वर्षानुवर्षे वापरतात. विदर्भात तेच विकणे म्हणजे गिऱ्हाइकाशी भांडण विकत घेणे. लाकडाचा हौसेने उपयोग करायचाच असेल तर क्लॅरिनेटचा बॅरल (माउथपीसखालचा आखूड जोड) करून पाहा. तिथे माप हजारदा बदलले तरी टिप वाचते.

थ्री-डी प्रिंटिंगबद्दल विचारणा होते म्हणून दोन वाक्ये. नमुन्याचे चेंबर कसे वाजते हे पाहायला ते फार उपयुक्त आहे आणि तिथेच त्याचा उपयोग थांबवावा. फिलामेंटच्या थरांमध्ये लाळ आणि जंतू अडकतात, आणि अर्धवट पक्की झालेली राळ तोंडात घेणे धोक्याचे आहे.

किरकोळ मालापैकी कॉर्कवर लक्ष द्या. गॅस्केटच्या दुकानात मिळणारी शीट कॉर्कचा भुगा रबराने किंवा गोंदाने बांधलेली असते. ती टेननवर काही दिवसांतच चुरा होते. आपल्याला अखंड नैसर्गिक कॉर्कची शीट हवी, दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, आणि ती वाद्यदुरुस्तीचे सामान ठेवणाऱ्यांकडूनच मागवावी लागते. फेसिंगसाठी काळा वॉटर पेपर ३२० पासून १५०० पर्यंत, खाली किमान ८ मिलिमीटरची फ्लोट काच, आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एवढे सगळे इथेच हार्डवेअरवाल्याकडे मिळते. काच विकत घेताना तिच्यावर सरळपट्टी उभी धरून उजेडाच्या दिशेने पाहावे. पट्टीखालून प्रकाश दिसला तर ती काच घेऊ नये.

राहिला प्रश्न सुरुवात कशाने करावी याचा. रॉडची ऑर्डर देण्याआधी बँडवाल्यांकडचे टाकून दिलेले माउथपीस गोळा करा. टिप चेपलेले, दाताने खड्डे पाडलेले, टेनन तुटलेले, सगळे चालतील, आणि बहुतेक जण ते चहाच्या पैशांत देतात. त्यांतले जुने काळे इबोनाईटचे वेगळे काढावेत; हिरवटलेले रूप आणि घासल्यावर येणारा गंधकाचा वास यावरून ते लगेच ओळखू येतात. बाकीचे साध्या प्लास्टिकचे असतील. इबोनाईटच्यांवर फेसिंग घासण्याचा हात बसवावा आणि प्रत्येकाचे बोअर, चेंबर आणि टिपचे माप घासण्याआधी व नंतर वहीत उतरवावे. प्लास्टिकचे दोन-चार मधोमध उभे कापून आतला आकार पाहावा. कोणत्या नमुन्याचे चेंबर बँडवाल्यांना आवडते, हे त्या कापांवरूनच कळते आणि तोच आकार पुढे रॉडमध्ये उतरवायचा असतो. रॉड आल्यावर प्रत्येक तुकड्याच्या टेननच्या तोंडावर त्याच्या लॉटचा क्रमांक बारीक कोरून ठेवावा आणि वहीत पुरवठादाराचे बिल त्या क्रमांकाशी जोडावे. एखाद्या लॉटमधले दोन माउथपीस तक्रार घेऊन परत आले, तर उरलेले कोणाकडे गेले हे लगेच सापडते आणि पुरवठादाराशी बोलताना हातात बुडबुड्याचा काप असतो.